दुसरी शिदोरी

गल्लीत तिला सगळे फ्यूज म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तीही ओ देते. ती जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते, म्हणून हे नाव पडलं असेल असं बाहेरच्यांना वाटतं. गल्लीला खरं कारण ठाऊक आहे. जरा दाब वाढला की ही उडते. गिऱ्हाइकानं "ताई, नीट बघितलंत ना?" एवढं विचारलं तरी पुरतं. "नाही, डोळे मिटून बघितलं," असं म्हणून ती मशीन त्याच्या हातात परत ठेवते, आणि तो बिचारा पायरीवर उभा राहून तिची मनधरणी करतो. तिच्यासारखं काम दुसरीकडे होत नाही हे त्यालाही माहीत असतं आणि तिलाही. तिला जरा जास्तच माहीत असतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शाळा तिनं अर्ध्यावर सोडली. आईच्या जागी कचेऱ्यांच्या साफसफाईला लागली. जिन्याखाली मोडीत टाकलेली मशीनं पडलेली असायची. तिथून ती उचलून आणायची, कधी पंखा, कधी तारांची गुंडाळी, एकदा अख्खा डबा डोक्यावर घेऊन. घरी थोरला भाऊ. तिचा दादा. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा; पानावरची चूक त्याला अशी दिसायची जसा आपल्याला भातातला खडा. मशीनबरोबर आलेली जाडजूड माहितीपुस्तकं तिला वाचता यायची नाहीत, म्हणून तो शब्द शब्द लावून वाचून दाखवायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तो वाचायचा, ती उघडायची. पेचकस तिच्या हातात, पुस्तक त्याच्या मांडीवर. तिची सगळी विद्या ही अशी कानानं आलेली, दादाच्या आवाजात.

कोणी म्हणेल, कशी शिकली हो एकटी! एकटी बिकटी काही नाही. हे एकटीनं शिकण्याचं कौतुक करणाऱ्यांना एकदा विचारावं, पुस्तक कोणी धरलं होतं?

मग दादाचे डोळे गेले. एकदम नाही, आधी पानाच्या कडा गेल्या, मग मधल्या ओळी, मग पान. छापखान्यानं निरोप दिला. लग्न त्यानं केलंच नव्हतं. तो जुन्या खोलीतच राहिला, वरच्या मजल्यावर, आणि खिडकीशी बसून जिन्यावरची पावलं ओळखत राहिला. फ्यूजची पावलं तर खालच्या वळणावरूनच. "आली स्वारी," तो म्हणायचा, "आज कोणाशी भांडून आलीस? टाच आपटतेयस."

त्याच्यासाठी तिनं बोलणारं मशीन बांधलं. मोडीतलंच, पण तिच्या हातचं. दादा की-बोर्डवर बोटं टाकणार, मशीन अक्षर न् अक्षर वाचून दाखवणार. तो रुळला. फक्त एक तक्रार राहिली.

"बटण दाबलं की हे किती तरी वेळ गप्प असतं गं," तो म्हणाला. "चालू झालंय की मेलंय, काही कळत नाही. तुम्हाला पडदा दिसतो. मी काय बघू?"

तक्रार खरी होती. तिनं स्टूल ओढलं. "ऐक. मशीनच्या आत एक कारभारी असतो. कर्नेल. सकाळी पहिला तो उठतो. पण उठतो तो अंधाऱ्या घरात. त्याचं सगळं सामान कपाटात, म्हणजे डिस्कमध्ये. आणि कपाटाची किल्ली कुठं?"

"कपाटात," दादा म्हणाला.

"बरोब्बर! म्हणून उठल्याबरोबर त्याच्या हातात एक छोटी पिशवी द्यायची. किल्ल्या, बॅटरी, चार हत्यारं. पुस्तकात तिला इनिशियल रॅमडिस्क म्हणतात. तूच वाचलं होतंस."

"मी वाचलं असेल. शिदोरी म्हण की सरळ. आणि ती देतं कोण?"

"आता कसं बोललास! देण्याच्या तऱ्हा आहेत. कारभाऱ्याला हलवून उठवणारा एक असतो, बूटलोडर. त्याला डिस्कचा एक दर्शनी कोपरा तेवढा दाखवून ठेवलेला असतो. तिथून तो पिशवी उचलतो आणि ह्याच्या हातात ठेवतो. ही एक. नाहीतर पिशवी कारभाऱ्याच्या अंगरख्यातच शिवून टाकायची. हरवत नाही, पण बदलायची म्हटली की अंगरखा उसवा. किंवा वायरीवरून दुसऱ्या मशीनकडून मागवायची. नाहीतर पेन ड्राइव्ह लावायचा, उठवणारा त्यावरनं घेतो."

"तू कुठली करणार?"

"पहिली. सुटसुटीत."

"आणि त्या कोपऱ्यातली शिदोरी नासली तर?"

"शेजारी दुसरी ठेवलीय ना. जशीच्या तशी. बाण एकदा खाली दाबायचा, एंटर मारायचं, की दुसरी घेऊन उठतो."

दादानं मान हलवली. मुद्रितं तपासणारा माणूस. प्रत्येक पानाची दुसरी प्रत असावी हे त्याला पटलेलं होतं. तो बोटानं हवेत बाण दाबून बघत होता.

मग फ्यूजला ते सुचलं. मशीनचा आवाज डिस्क उघडल्यावरच येतो. पण शिदोरीतच आवाज ठेवला तर? स्पीकर चालवायचं हत्यार आणि एक वाक्य. कारभारी अंधारात किल्ल्या लावत असतानाच बोलायला लागेल. मशीनचा यांत्रिक आवाज तिला नको होता. दुकानाचं शटर अर्धं ओढून, पंखा बंद करून तिनं स्वतःच बोलून घेतलं: "थांब दादा, येतेय."

हे वाक्य त्यांच्यात जुनं होतं. लहानपणी दादा तिला शाळेत पोचवायचा. त्याच्या ढांगा लांब, हिचं दप्तर जड. रोज शाळेच्या चढावर ती मागून ओरडायची, "थांब दादा, येतेय!" आणि तो न वळता उभा राहायचा.

पहिल्या दिवशी बटण दाबल्यावर ते ऐकून दादा इतका हसला, की हसता हसता त्याला ठसका लागला. "अगं, दप्तर पण ऐकू येतंय," तो म्हणाला.

आता ह्यात एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही. कोपरा होता लहान. तिचा आवाज बसायला जागा लागत होती. आवाज दाबून लहान करता आला असता, कोणीही शहाण्या माणसानं केला असता. पण दाबला की तो डब्यातून बोलल्यासारखा यायचा, आणि फ्यूजच्या हातचं काम डब्यातून बोलणार नाही. म्हणून तिनं दुसरी शिदोरी काढून टाकली. मशीन उठताना येणाऱ्या यादीतली तिची खालची ओळही पुसली. लागणार कशाला? मी आहे ना.

मी आहे ना! किती प्रेमळ वाटतं ऐकायला. पण ज्या माणसाला सांगितलंय की एकदा बाण खाली दाब, त्याच्या बोटाखालचा तो बाण न सांगता काढून घेणं, ह्याला दुसरंही नाव आहे.

चांगले दिवस होते ते. दादा गल्लीचे अर्ज लिहायला लागला. कोणाचं पेन्शन अडलंय, कोणाचं नळाचं कनेक्शन तोडलंय, कोणाला कामावरून काढलंय. माणसं जिन्यात बसून राहायची. दादाचा अर्ज गेला की साहेब लोक दोनदा वाचायचे, कारण त्यात एक शब्द जास्त नसायचा. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी म्हणायच्या, "तुझ्या दादामुळं आमच्या जिन्याला कचेरीची कळा आलीय. फक्त पंखा आणि शिपाई राहिलाय." रोज सकाळी दादा बटण दाबायचा, "थांब दादा, येतेय" ऐकायचा, "ये ये, सावकाश" म्हणायचा आणि कामाला लागायचा. मावशींना ते भिंतीतून ऐकू यायचं.

एक दिवस फ्यूज वर गेली, तर मशीनच्या मागं एक पेन ड्राइव्ह लावलेला.

"हे काय?"

"ते होय," दादा म्हणाला. "मोबाईलवाला आला होता अर्जासाठी. मी म्हटलं, तुला येतं का रे, हिची दुसरी शिदोरी खिशात ठेवण्यासारखी करायला. बसला इथंच, दिली करून. मशीन रुसलं तरी ह्यावरून उठेल. खालच्या ओळीवर बाण नेऊन बघितला मी परवा. खालची ओळच नाहीये गं. बाण नुसता टक वाजतो."

तिची कानशिलं तापली. पकडली गेली होती. आणि पकडली गेलेली फ्यूज माफी मागत नाही.

"माझ्या मशीनला मोबाईलवाल्यानं हात लावला? तो कव्हरं विकतो, दादा! स्क्रीनवर कागद चिकटवतो!"

"कव्हरं विकतो म्हणून त्याला दुसरं येत नाही असं थोडंच आहे? तू पण झाडू मारायचीस की."

"मला विचारायचं नाही?"

"विचारणार होतो. तुला विचारायचं म्हणजे आधी हवामान बघावं लागतं."

तो गमतीनं म्हणाला. जिन्यात बसलेली माणसं हसली. तिथंच उडाली ती. पेन ड्राइव्ह उपटून तिनं मुठीत घेतला. "एवढा माझा भरवसा नसेल तर लाव त्यालाच. बसव त्याला शेजारी. डोळे गेले तसे बहिणीलाही घालव!"

शब्द बाहेर पडला आणि तिलाच तो ऐकू आला. दादा खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "तो माझा आहे. ठेव तिथं."

तिनं ठेवला नाही. टाचा आपटत खाली आली, आणि पेन ड्राइव्ह दुकानातल्या खणात फेकला.

मग अबोला. ह्या घरात अबोला कसा धरायचा हे कोणाला शिकवावं लागलं नाही. दोघंही एकाच आईची. पण फ्यूजचा अबोलाही कामसू होता. दादाच्या मशीनमध्ये दुकानातून वायरीवरून शिरता यायचं, तशी सोय तिनंच केलेली. बोलणार नाही, पण मशीन चोख ठेवीन, असला तिचा ताठा. एका दुपारी तिनं दुकानात बसून तिथली सगळी नवी दुरुस्ती, म्हणजे अपडेट, चढवायला घेतली. नवा कारभारी आला, त्याच्यासाठी नवी शिदोरी बांधली जाऊ लागली. ओळींमागून ओळी सरकत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा.

ती फोनकडं बघत राहिली. आधी वाजू दे, मग मी बघेन. फोन वाजून थांबला. परत वाजला. तिच्या छातीत काहीतरी ढिलं पडत होतं, आणि ते पडू द्यायचं नव्हतं. तिनं फोन कापला आणि त्याच झटक्यात लॅपटॉपही मिटला. शेवटच्या ओळी तिनं वाचल्या नाहीत. दुसऱ्यानं अशा न वाचलेल्या ओळींवर मशीन बंद केलं असतं तर तिनं त्याला दुकानातून हाकलून दिलं असतं.

नंतर तिला वाटलं होतं, उद्या आपणच फोन करू. मग वाटलं, त्यानं केलाय म्हणजे परत करेल. नाही केला. मग तिला रागच आला, की दोनदाच? मी काय दोन फोनांची आहे? राग कुठूनही सुरू झाला तरी तिच्याकडं बरोबर यायचा.

बऱ्याच दिवसांनी शिवणवाल्या मावशी दुकानात आल्या. शिलाई मशीनच्या मोटरची वायर जळाली होती. वायर बदलून होईपर्यंत त्या बसल्या, आणि बसल्या म्हणजे बोलल्या.

"तुझ्या दादानं अर्जाचं काम सोडलं वाटतं. लोक येतात, तो म्हणतो दुसरीकडं जा. नुसता खिडकीशी. तुझं ते मशीन पण बोलत नाही हल्ली. मला चुकल्यासारखं होतं बघ, सकाळी तुझी हाक आली की मी कुकर लावायची."

फ्यूजचा हात थांबला. "बोलत नाही म्हणजे?"

"म्हणजे बोलत नाही. चालू तर असतं. तो रोज बटण दाबतो, बसून राहतो, मग बंद करतो. मला विचारलं त्यानं, मावशी, बघा जरा, चालू आहे का. मी म्हटलं, आहे की बाबा, दिवे लुकलुकतायत."

"कुठले दिवे?"

"त्या की-बोर्डावरचे. दोन. एकदम लुक, लुक, लुक. छान दिसतात."

ती ते दिवे ओळखत होती. जुनी मशीनं असंच करतात. कारभारी उठला, हात पुढं केला, आणि हातात शिदोरी आली नाही, किंवा फाटकी आली, तर तो आहे तिथं कोसळतो. कोसळताना त्याच्याकडं बोलायला काही नसतं, म्हणून तो की-बोर्डचे दोन दिवे उघडझाप करत राहतो. हाक मारायचा तेवढाच मार्ग त्याच्याकडं उरतो, आणि इथं ती हाक तो अशा माणसाला मारत होता ज्याला दिवे दिसत नव्हते.

तिनं लॅपटॉप उघडला आणि त्या दुपारची नोंद काढली. शेवटच्या ओळी तिथंच होत्या, शांतपणे वाट बघत: नवी शिदोरी लिहिताना कोपऱ्यात जागा संपली. अर्धीच लिहिली गेली. आणि जागा कशानं संपली? जुनी शिदोरी अजून कोपऱ्यातच होती, तिच्यात हिचा आवाज. आणि नवीत पुन्हा हिचाच आवाज. दादाची वाट तिच्या आवाजानं अडवली होती. रोज सकाळी.

मोटर तशीच टाकून तिनं खणातला पेन ड्राइव्ह घेतला आणि निघाली. मावशी मागून ओरडल्या, "अगं, माझी वायर!"

दादा खिडकीशीच होता. त्यानं मान वळवली नाही.

"दादा, मशीन बिघडलं होतं. सांगायचं नाही का?"

"बिघडलं होतं?" त्यानं सावकाश विचारलं. "मला वाटलं, तू आवाज काढून घेतलास."

तिनं मशीनकडं बघितलं. दादा पुढं बोलत होता.

"म्हणजे, मावशी म्हणाल्या दिवे लागतायत. मग मशीन चालूच असणार. फक्त बोलत नाही. मी म्हटलं, ठीक आहे. तिचा आवाज आहे, तिनं नेला. दुकानातून तुला करता येतं ना ते?"

"मी असं करेन?"

"पेन ड्राइव्ह नेलास की."

तिनं तो पेन ड्राइव्ह मागं लावला. बटण दाबलं. कव्हरं विकणाऱ्याच्या शिदोरीवर कारभारी निमूट उठला, कपाट उघडलं, आणि मशीनचा साधा यांत्रिक आवाज म्हणाला, "तयार." तिच्या चोख कामानं जे इतके दिवस अडवून धरलं होतं, ते मोबाईलवाल्याच्या फुटकळ वाटणाऱ्या कामानं चहा उकळायच्या आत सोडवलं.

ती बसली. कोपरा साफ केला, अर्धी शिदोरी काढली. चूक कुठं झाली ते सगळं सांगितलं, दुसरी प्रत आपणच पुसली होती तेही. दादा ऐकत राहिला. तो कधीच मध्ये बोलत नसे; चूक सापडली की पानाच्या कडेला खूण करायची आणि पुढं जायचं, ही त्याची रीत.

"आता आवाज दाबून लहान करते," ती म्हणाली. "डब्यातून आला तर येऊ दे. मग दोन्ही शिदोऱ्या मावतील. पेन ड्राइव्हही राहू दे."

"आवाज नको," दादा म्हणाला.

"लहान करते म्हटलं ना."

"नको गं. एक टिंग वाजली तरी मला कळेल." त्यानं हात की-बोर्डवर फिरवला, त्या दोन दिव्यांवरून, जे आता विझलेले होते. "तो आवाज आला की मी रोज 'ये ये' म्हणायचो. मग तो यायचा थांबला, तरी मी म्हणत होतो. मावशी ऐकत असतील. आता पुरे."

तिनं टिंग बसवली. उठली तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं आलीस. आभारी आहे."

आभारी! जन्मात ह्या दोघांत हा शब्द आला नव्हता. त्यानं शिवी दिली असती तर ती नाचत जिना उतरली असती.

अर्जाचं काम परत सुरू झालं. माणसं परत जिन्यात बसायला लागली. मशीन टिंग करून उठतं, एका वाटेनं नाही उठलं तर दुसरी आहे, दुसरी नाही तर तिसरी. काम असं पक्कं, की फ्यूजला वर जायचं कारणच उरलेलं नाही. तरी ती जाते. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनबरोबर ती आता एक पेन ड्राइव्ह देते, आणि ते करायला मोबाईलवाल्याकडं पाठवते. "कव्हरवाल्याकडं कशाला?" असं कोणी म्हटलं की अजूनही उडते, पण भलत्या बाजूनं.

परवा ती जिना चढत होती. टाचा न आपटता. हल्ली ती जपून चढते. वरून टिंग ऐकू आली, मग की-बोर्डची टकटक. ती दारात उभी राहिली. टकटक थांबली.

"कोण?" दादानं विचारलं.

खालच्या वळणावरून पाऊल ओळखणारा माणूस.

"मी."

"मी कोण?"

"फ्यूज," ती म्हणाली.

"हं. ये. बस, जरा ओळ पुरी करतो."

ती स्टुलावर बसली. त्याची ओळ लांब होती.